धार भिंतीकडे, मूठ हाताकडे

हत्यारं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं टांगणारा माणूस मला दुकान लावणारा वाटत नाही, दुकानाची शोभा करणारा वाटतो. बघायला छान दिसतं, पण काम करताना हात सारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहतो. हत्यारं लावायची ती कामाच्या क्रमानं. आधी लागेल ते आधी, मागून लागेल ते मागून. हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही. मी सुताराची बायको, आणि सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या दुकानाची भिंत मी स्वतः लावली होती. डोळे गेलेला माणूस त्या भिंतीच्या जोरावर काम करत होता, त्यामुळे या बाबतीत कुणी मला शिकवायला आलं की मी त्याला गप्प बसवते.

ही एकोणीसशे तीस सालच्या आगेमागची गोष्ट. पेठेत घरोघरी हातमाग होते. विणकर बहुतेक तेलुगू बोलणारे; आमच्याशी मराठी बोलत, पण हेल त्यांचा. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की गिरणीतले लोक निघून जात आणि मागे गल्लीत मागांची खटखट सुरू होई. त्या मागांवरच आमचं पोट होतं. मागाची दुरुस्ती, फळ्या, दांडे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे धोटे. धोटा म्हणजे पोटात सूत घेऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावणारा लाकडाचा तुकडा, लहानशा होडीच्या आकाराचा. त्याच्या अंगावर एक कुसळ जरी राहिलं तरी ताण्याचे धागे तटातट तुटतात आणि विणकराचा दिवस वाया जातो. म्हणून धोटा कुणाच्या हातचा, हे लोक आधी विचारत. आमच्या ह्यांच्या हातचा म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे.

ह्यांची नजर एका दिवसात गेली नाही. आधी दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं. मग कडेचं दिसेना, समोरचं तेवढं दिसे. मग समोरचंही धुरकट झालं आणि शेवटी फक्त उजेड आणि सावली एवढंच उरलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बघून सांगितलं, आतली शीर वाळत चालली आहे, यावर औषध नाही. घरी आल्यावर हे दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "धोटा आंदळ्याच्या हातचा हाय म्हनल्यावर कोन घेनार गं?"

कुणी घेणार नाही, हे मलाही समजत होतं. पेठेच्या दुसऱ्या टोकाला एकानं लाकूड फिरवून कातायच्या चरकावर धोटे काढायचा कारखाना घातला होता. आमचं गिऱ्हाईक तिकडे वळायला एवढी एक बातमी पुरली असती. पोटाचं मी कसंही भागवलं असतं, चार घरची धुणीभांडी केली असती. पण ह्यांना रिकाम्या हातानं बसलेलं बघणं मला जमणार नव्हतं. ते तसले नव्हतेच. पंगतीला बसले तरी पाटाची कड बोटानं चाचपून बघणार, रंधा नीट फिरलाय का म्हणून. असा माणूस कामावाचून वाळून गेला असता. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "कुनाला कळायचं कारनच काय? दुकान मी बघते." आणि कुणालाही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. वळसंगला दिलेली माझी नणंद, तिलासुद्धा नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

पहिली गोष्ट मी केली ती अशी की डोळ्यांवर पदर करकचून बांधला आणि दुकानात फिरले. नडगी फुटली, सरसाचं भांडं उपडं झालं, आणि कपाळ करवतीवर आपटता आपटता वाचलं. तेव्हा कळलं की डोळस माणूस दुकानात किती पसारा खपवून घेतो. दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीला हात घातला.

छातीच्या उंचीवर एक लांब लाकडी पट्टी ठोकली आणि तिच्यावर खुंट्या. डावीकडून सुरुवात: करवत, तासायला वाकस, रंधा, पटाश्या, भोकाला गिरमिट, कानस. धोटा ज्या क्रमानं घडतो त्या क्रमानं. प्रत्येक खुंटीखाली पट्टीला खाचा पाडल्या, करवतीला एक, वाकसाला दोन, असं. पट्टीवरून अंगठा फिरवला की हात कुठे आहे ते ह्यांना कळे. आणि बघणाऱ्याला शंका येऊ नये म्हणून प्रत्येक हत्याराचा आकार मी भिंतीवर कावेनं रेखून ठेवला. तांबडे आकार आणि त्यांच्यावर हत्यारं, असं ते दिसे. लोक म्हणत, "मिस्त्री, भिंत लई झ्याक सजवली की!" हे म्हणत, "घरात शिस्तीची बाई हाय." ते काही खोटं नव्हतं.

धार भिंतीकडे, मूठ हाताकडे, हा पहिला नियम. हत्याराकडे जाणाऱ्या हाताला आधी मूठच लागली पाहिजे. पटाश्यांच्या तोंडांना मी बांबूच्या पेरांची टोपणं करून घातली. धारही टिकते आणि बोटंही. रंधा फळीवर उभा ठेवायचा नाही, कुशीवर निजवायचा, नाहीतर पातं फळीला घासून बोथट होतं. खिळे सगळे एका डब्यात कोंबणाऱ्याचा मला अजूनही संताप येतो. आमच्याकडे लांब खिळे पत्र्याच्या डब्यात, आखूड करवंटीत, आणि धोट्याच्या टोकांना बसवायच्या लोखंडी शेंब्या मातीच्या बोळक्यात. हलवलं की तिन्हींचा आवाज वेगळा. डोळे असणाऱ्यालाही हे सोयीचंच आहे; झाकण उघडून बघायचा वेळ वाचतो.

आणि एक सांगते, हत्याराला करडईचं तेल लावू नका. आमच्या भागात घरोघरी तेच तेल, म्हणून हात सहज तिकडे जातो. मीही आधी तेच केलं. करडईचं तेल वाळलं की त्याचा चिकट पापुद्रा धरतो, त्यावर भुसा बसतो, आणि करवत लाकडात अडकायला लागते. खोबरेल लावा, तेही चिंधीनं पुसून काढण्याइतकंच. सोलापूरच्या उन्हाळ्यात हातोडीचा दांडा सैल होतो, तेव्हा लोक हातोडी पाण्यात बुडवून ठेवतात. ते आळशाचं औषध. लाकूड फुगतं, दोन दिवसांनी पुन्हा वाळतं आणि आधीपेक्षा सैल होतं. बाभळीची पाचर ठोका आणि विषय संपवा. खुणेचं म्हणाल तर पेन्सिलीची रेघ ह्यांच्या बोटाला लागेना, म्हणून चाकूच्या टोकानं रेघ ओढायची सवय केली. मग लक्षात आलं की तीच रेघ जास्त नेमकी असते आणि पटाशीला बसायला खाच मिळते. हत्यार कुणाला उसनं द्यायचं नाही, हा शेवटचा नियम. मागायला आलेल्याला मी चहा द्यायची, पटाशी नाही.

धोटा गुळगुळीत झाला की नाही हे बघायला डोळे लागतच नाहीत. कापसाचा पेळू त्याच्या अंगावरून ओढायचा. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा कानस. हे तासन्तास तसे बसत. मी म्हणे, पुरे आता, आरसा करताय का? तर म्हणत, "तुला काय कळतंय गप." मला बरं वाटे. माणूस खेकसतो आहे म्हणजे धडधाकट आहे.

आता गिऱ्हाइकांचं. कुणी यायच्या वेळेला मी दाराशी सूप घेऊन बसायची. ज्वारी निवडायची, आणि येणाऱ्याला मोठ्यानं नावानिशी बोलवायची, म्हणजे आत ह्यांना कळावं कोण आलं ते. गप्प बसणारी बाई होते मी, पण त्या वर्षांत गल्लीभर बडबडी म्हणून माझी ख्याती झाली. माझ्या कानावर यायचं, पण मी मनात म्हणायची, म्हणू देत. घसा माझा आहे.

राहता राहिली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. एरवी हत्यारं पाटावर मांडतात. मी ती टांगलेली तशीच ठेवून भिंतीलाच हळदकुंकू लावून मोकळी व्हायची. काही वर्षं हे चाललं. मग एका वर्षी नणंद सणाला आली, आणि दुकानात पाऊल टाकताच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वैनी, हे काय गं? भितीला हळदकुकू? आईच्या वक्ताला पाटावर मांडायचो की आपन. टांगल्या हत्याराची पूजा कुटं असती व्हय?"

मी म्हटलं, "आमच्याकडं अशीच असती, वन्सं."

"मी बी ह्याच घरातली हाय न्हवं?"

जास्त ताणलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं. मी मुकाट्यानं सगळी हत्यारं उतरवली, पुसली, टोपणं काढली आणि देवीच्या तसबिरीसमोर लांब फळीवर मांडली. तीसुद्धा भिंतीच्याच क्रमानं: समोर बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला करवत, मग बाकीची, मुठी सगळ्या त्याच्याकडे. नणंद पाण्याला गेली तेव्हा ह्यांना आणून बसवलं. त्यांनी नुसती मुठींवरून बोटं फिरवली आणि मान हलवली. मला अगदी निर्धास्त वाटलं. आमच्या गल्लीत दसऱ्याला सोनं द्यायला लोक जमले की सुतारानं त्यांच्यासमोर हत्यार उचलायचं, आणि सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकाच्या लाकडावर पहिला रंधा मारायचा अशी रीत होती. त्याचीही मला आता काळजी उरली नव्हती.

दसऱ्याला मी पुरणात गुंतलेली. दुपारी नणंद दिवा लावायला दुकानात गेली, आणि तिच्या ध्यानात आलं की पटाश्यांची, वाकसाची धार देवीकडे रोखलेली आहे. देवीवर धार धरायची? तिनं सगळी फळीच अलगद उलटी फिरवली. धारा इकडे आल्या, मुठी तसबिरीकडे गेल्या, डावीकडचं उजवीकडे झालं. वरून तिनं झेंडूची फुलं इतकी घातली की हत्यारं दिसेनाशीच झाली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या आईनं तिला तसंच शिकवलं होतं. मी डोकावले तेव्हा मला फुलं दिसली आणि मी म्हटलं, छान.

दिवेलागणीला लोक आले. आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक विणकर, तेलुगू घरातले. त्यांना सगळी पेठ मामा म्हणे. ते पुढे बसले, बाकीचे दाराशी. शिसवीचा तुकडा तयार ठेवला होता. हे फळीसमोर बसले, देवीला हात जोडले आणि रंध्यासाठी हात पुढे केला. नेहमीसारखाच सरळ, न चाचपडता. तो हात पटाशीच्या उघड्या धारेवर पडला.

ह्यांनी हात मागे घेतला, आणि काही घडलंच नाही अशा थाटात पार उजवीकडे नेला. तिथे करवतीचे दात. मग डावीकडे. झेंडू खाली पडायला लागला, फुलांवर रक्ताचे डाग दिसायला लागले, आणि माझ्या नवऱ्याचा तो हुकमी हात सगळ्यांसमोर चाचपडत राहिला. नणंद म्हणाली, "दादा, ह्यो काय समोर रंधा!" आणि पुढच्याच क्षणी तिला कळलं. तिनं तोंडाला पदर लावला.

मीच पुढे झाले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. कंदिलाची काच काळी झालीय, उजेडच नाही, ह्यांना काल रात्री ताप होता. स्वतःचा आवाज मला स्वतःला खोटा वाटत होता. आता सगळं संपलं, उद्यापासून हे दार बंद, एवढंच डोक्यात.

मामांनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे अक्का," ते म्हणाले. "आमाला ठावं हाय."

"काय ठावं हाय?" मी जवळजवळ भांडणाच्याच सुरात विचारलं.

"डोळ्याचं. लई दिस झाले. मिस्त्रींनी माज्यासाटनं धोटा केला हुता, अन् देताना 'घ्या मामा' म्हनून माज्या भावाच्या हातात ठिवला. मी बाजूला हुबा. तवा कळलं." ते पुढे म्हणाले. "तो धोटा घरी नेला, मागाला लावला. म्हटलं बघू. तर धागा तुटला न्हाय. एक बी न्हाय. मग बोलायचं कशाला?"

दाराशी बसलेल्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "म्हनून तर आमी दारातनंच हाळी देत येतो की." दुसरा म्हणाला, जुना धोटा नमुन्याला आणला की आम्ही फळीवर ठेवत नाही, मिस्त्रींच्या हातातच देतो, हे मामांनीच सगळ्यांना बजावलं होतं. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. मला वाटायचं या विणकरांना मोठ्यानं बोलायची खोडच आहे. उंबऱ्याच्या आत आम्ही एक गोष्ट लपवत होतो, आणि उंबऱ्याबाहेर अख्खी गल्ली तीच गोष्ट आमच्यापासून लपवत होती.

खरं सांगते, मला आधी राग आला. एवढी वर्षं दाराशी बसून घसा कोरडा केला, तो काय यांची करमणूक म्हणून? आणि मग त्या रागातच मला रडू फुटलं. लोकांसमोर मी कधी रडले नव्हते. त्या दिवशी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नणंदेनं ह्यांच्या बोटावर हळद दाबली आणि चिंधी बांधली. मला वाटलं, आता हे उठून आत जातील. तर म्हणाले, "रंधा द्या."

मामांनीच फुलांतून रंधा काढून त्यांच्या हातात दिला. ह्यांनी शिसवीवरून तळहात फिरवला, लाकडाच्या रेषा कुठे जातात ते बघितलं, आणि रंधा मारला. पातळ, अखंड ढलपी निघाली. मामांनी ती उचलून कानाला अडकवली. दाराशी कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले.

"आता एक करा," हे म्हणाले. "लई वर्सं अंदाजानं रामराम घातला. कोन कोन आलंय ते एकेकानं तोंडानं सांगा."

मग एकेक जण पुढे आला, त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि आपण कोण ते सांगितलं. मी वरच्या बोळातला. मी धाकटा, थोरला बाजारला गेलाय. मी, तुमी ज्याचा माग नीट केला तो. हे प्रत्येकाचा हात नीट चाचपून बघत होते, घाई न करता. नणंद शेवटी आली. ती रडत होती. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगायला पायजे हुतं तुला. रडू नगंस."

लोक देवीच्या दर्शनाला निघाले. नजर अधू झाल्यापासून हे अंधार पडल्यावर घराबाहेर पडत नसत. कधी पाय दुखतो म्हणायचे, कधी काम आहे. देवीला मी एकटीच जाऊन यायची आणि विचारणाऱ्याला तीच कारणं सांगायची. त्या संध्याकाळी हे उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "चल, देवीला जाऊन येऊ."

मी काठी शोधायला लागले. घरात काठी नव्हतीच. काठी दिसली असती तर लोकांना कळलं असतं म्हणून मी ती कधी आणलीच नव्हती.

"काठी कशाला?" हे म्हणाले, आणि चिंधी बांधलेला हात माझ्या दिशेनं पुढे केला. "हात दे की."

आमच्या पेठेत तेव्हा बायको नवऱ्याच्या चार पावलं मागून चालायची, आणि चारचौघांत नवऱ्याला शिवायची तर नाहीच. मी बाहेर बघितलं. सगळे थांबले होते. मग मी सगळ्या गल्लीच्या देखत ह्यांचा हात धरला आणि अर्धं पाऊल पुढे चालायला लागले.